विहिरीशेजारचा तलाव

आमच्या आळीत मला संशयी म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण मला ठाऊक आहे, कारण मी जवळ आले की बोलणं थांबतं. शाळेत शिकवत होते तेव्हा परीक्षेच्या दिवसांत अवघड वर्ग हमखास माझ्या गळ्यात पडायचा. कोणत्या मुलाच्या बाहीत काय आहे, हे मला त्याच्या बसण्यावरून कळत असे. निवृत्त झाले, शाळा सुटली, नजर तेवढी माझ्याबरोबर घरी आली.

घर रत्नागिरीतच, उतारावरच्या आळीतलं शेवटचं. वरच्या अंगाला सार्वजनिक बाग, मध्ये जांभ्या दगडांची बुटकी भिंत, म्हणजे गडगा, आणि गडग्याच्या खाली आमचं आगर. थोडे माड, थोड्या पोफळी आणि विहीर. आमच्याकडे पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही आणि मे महिन्यात पाण्याचा पत्ता नाही. जांभा पाणी धरून ठेवत नाही, सगळं खाली समुद्राला जातं. एप्रिल सरता सरता आळीतल्या विहिरी तळाला जातात, नळाला पाणी आलं तर आलं. आमची विहीर तेवढी टिकते. तिच्यात आतल्या अंगाला एक दगडी कट्टा आहे. मे महिन्याच्या अगदी शेवटी पाणी उतरून तो उघडा पडतो, आणि तो दिसला की मी आळीला सांगते, आता जपून. त्याआधी तो कधी उघडा पडल्याचं मी पाहिलेलं नव्हतं, सासूबाईंनीही नव्हतं.

नवरा गेल्यावर मुलगा मुंबईहून म्हणाला, आई, आता इकडे ये. मी म्हटलं, विहीर कुठे ठेवू? तो हसला. मी थट्टा करत नव्हते. या घरात माझं म्हणून जे काही उरलं आहे ते त्या पाण्यात आहे. मे महिन्यात सगळी आळी कळशा घेऊन माझ्या दारात येते, गप्पा मारते, भांडते, आणि मी आहे हे लोकांच्या लक्षात राहतं. विहीर गेली तर मी उतारावरच्या शेवटच्या घरातली एक म्हातारी.

त्यामुळे बागेत पोहण्याचा तलाव होणार, ही बातमी आली तेव्हा मला आधी विहीर आठवली. आणली समोरच्या काकींनी. काकी आळीत वयाने सगळ्यांत मोठ्या, आणि बातम्यांच्या बाबतीत सगळ्यांत तरुण.

"अगो, आयकलंस काय? बागंत पोवायचा तलाव करतायत. मंजूर पन झालाय म्हनं."

"मागितला कोणी?" मी विचारलं.

"तां काय म्हायत नाय. पन उद्या बायका तसले कपडे घालून बागंत फिरतील. आमी संध्याकाळी बसायचां खयं?"

काकींची काळजी कपड्यांची होती. माझी वेगळी. न मागता आळीला काही मिळतं, म्हणजे कोणीतरी मागितलेलं असतं. आणि तलाव भरायला पाणी लागतं. नळाचं पाणी आम्हालाच एक दिवसाआड. मग बोअर मारणार. बोअर मारणार ती कुठे? बागेच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी लागतं. आणि तिथे पाणी लागतं कारण त्या कोपऱ्याच्या खाली माझी विहीर आहे. पाणी कुठे मुरतंय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मागितला कोणी, तेही लवकरच कळलं. माझे शेजारी. आमच्या दोघांच्या आवारांत एक मोडकी कवाडी आहे, तेवढीच काय ती हद्द. हे गृहस्थ जन्मभर बोटीवर होते, म्हणून आळीत त्यांना बोटवाले म्हणतात. माझ्या नवऱ्याचे बालमित्र, म्हणून मी भावजी म्हणते आणि ते मला वैनी. देवळाच्या मानकऱ्यांतलं त्यांचं घर, मुलगा मुंबईला, सुट्टीत नात येते. सगळं जग फिरून आलेला माणूस, पण बोलायला अगदी कंजूष. मला कमी बोलणाऱ्या माणसांचा भरवसा वाटत नाही. बडबडणारा काय लपवतोय ते निदान ऐकू तरी येतं.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. आमच्या प्रभागाचे नगरसेवक आले होते, ते सारखं "तुम्ही सगळे म्हणाल तसं" म्हणत होते, आणि सगळे एक काही म्हणत नव्हते. सकाळी बागेत चालायला येणाऱ्यांना आपला चालायचा रस्ता हवा होता. ज्यांची मुलं लहान त्यांना तलाव हवा होता. एका टेम्पोवाल्याला फक्त बागेबाहेरची सावली हवी होती, कारण त्याचा टेम्पो तिथे उभा असतो. कोणीतरी म्हणालं, भाट्याला एवढा समुद्र फुकट पडलाय, तलाव हवा कशाला? यावर सगळे हसले. हे वाक्य नंतर कित्येक दिवस आळीत फिरत होतं, आणि प्रत्येक जण ते आपलंच असल्यासारखं सांगत होता.

भावजी उठले. म्हणाले, "समुद्र हाय, व्हय. पन हितं बसलेल्या किती जनांना पोवता येतां? हात वर करा बगू."

चार-दोन हात वर गेले. लाजत लाजत. समुद्राच्या काठी जन्म गेलेली माणसं, आणि बहुतेकांची पोच गुडघाभर पाण्यापर्यंत. सगळे एकमेकांचे हात मोजू लागले. मी मात्र हात मोजत नव्हते. मी भावजींकडे बघत होते. त्यांनी स्वतःचा हात वर केला नव्हता. जन्मभर बोटीवर काढलेला माणूस, आणि हात खाली. मला वाटलं, हा दुसऱ्यांना उभं करून स्वतः नामानिराळा राहतोय. परीक्षेच्या हॉलमध्ये असंच असतं, गडबड करणारा आधी शेजाऱ्याकडे बोट दाखवतो.

मी उठून विचारलं, "पाणी कुठलं?"

नगरसेवक म्हणाले, ते बघू.

"बघू म्हणजे माझ्या विहिरीचं," मी म्हटलं. "एप्रिलमध्ये पोरं तलावात डुंबतील आणि मे महिन्यात तुम्ही सगळे रिकाम्या कळशा घेऊन माझ्या दारात उभे राहाल, तेव्हा बघू."

यावर बाजू बदलल्या. जे तलाव हवा म्हणत होते त्यांतले निम्मे गप्प झाले, कारण तेही माझ्याच विहिरीवर येतात. बैठक मोडली. भावजी बाहेर पडताना माझ्याजवळ थांबले, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण चप्पल शोधून निघून गेले. मी घरी येऊन कवाडीला सुतळी बांधली.

त्यानंतर त्यांच्याकडे माझं लक्ष जरा जास्तच राहिलं. ते झाडांना घालायला म्हणून माझ्या विहिरीवर पाण्याला यायचे. पूर्वीपासून यायचे, पण आता मला त्यात हेतू दिसू लागला. सुतळी सोडून यायचे, जाताना पुन्हा बांधायचे. रहाटाच्या खांबाला एक हात धरून दुसऱ्या हाताने दोर ओढायचे. आणि विहिरीत कधी वाकून बघायचे नाहीत. जो माणूस पाणी काढतो तो एकदा तरी आत डोकावतो, पाणी किती आहे बघतो. हे तोंड फिरवून उभे. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. ज्या विहिरीचा घास घ्यायचाय तिच्याकडे नजर वर करून बघायची छाती नाही.

मग शिमगा तोंडावर आला आणि तलाव मागे पडला, असं मला वाटलं. शिमग्यात आमच्याकडे देवाची पालखी देवळातून निघून घरोघर येते, प्रत्येक अंगणात नाचवतात. आणि पालखी खूण काढते. म्हणजे असं, की पालखी निघायच्या आधी मानकऱ्यांपैकी कोणीतरी एक जण कोणालाही न सांगता आळीत कुठेतरी जमिनीत नारळ पुरून ठेवतो. पालखी नाचता नाचता तो शोधून काढते. खांद्यावर घेणाऱ्यांना जागा माहीत नसते, पालखीच त्यांना ओढत नेते, वाकते, आणि तिथे खणलं की नारळ निघतो. नारळ कोणी पुरला, कुठे पुरला, हे विचारायचं नाही. ताजी माती दिसली तरी बोट दाखवायचं नाही, नजर वळवायची. लहानपणापासून हे इतकं अंगात भिनलेलं असतं की शिमग्याच्या आधी आमच्याकडे उकरलेली जमीन दिसली की माणसं आपोआप आकाशाकडे बघू लागतात.

तर शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात बागेत, खालच्या कोपऱ्यात, माझ्या गडग्याला लागून, ताजी माती दिसली. एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी. खणून पुन्हा बुजवलेलं, वर दगड, आणि शेजारी एकेक खुंटी, तिला लाल चिंधी.

मी पाहिलं आणि ओळखलं. बोअरची जागा बघून गेले. मी तशीच काकींकडे गेले.

"काकी, बागेत खणलंय."

काकींनी कानावर हात ठेवले. "गप. बोलू नको. खून असंल ती."

"तीन-तीन खुणा? आणि चिंध्या बांधून?"

"भुलवायला केली असंल. यंदा पालखीची परीक्षा हाय. तू तिकडं बगू नको बगू."

आणि काकी एकट्या नव्हत्या. सगळ्या आळीने तेच ठरवलं, कोणी कोणाशी न बोलता. सकाळी चालायला येणारे त्या कोपऱ्यापाशी आले की वळसा घालू लागले. काही जण चपला काढू लागले. मुलांना तिकडे खेळायला बंदी झाली. एका सकाळी तर मधल्या दगडावर जास्वंदीचं फूल दिसलं, आणि ते कोणाच्या कुंपणावरचं आहे हे मी सांगू शकते, पण काकींना वाईट वाटेल. मला इतका संताप येत होता की जेवण गोड लागेना. डोळ्यांसमोर माझ्या पाण्याचा घोट घ्यायची तयारी चाललीय आणि लोक तिला फुलं वाहतायत! पण बोलायची सोय नव्हती. खरोखरच ती खूण असली तर? देवाच्या खुणेवर बोट दाखवलं म्हणून आळीने मला जन्मभर ऐकवलं असतं. माझा माणसांवर विश्वास नाही, पण देवाशी उगाच कशाला वैर घ्या.

मग मी पहारा सुरू केला. गडग्यावरून बाग दिसते, तिथे खुर्ची नेऊन टाकली. सकाळी चहा घेऊन तिथे, दुपारी तांदूळ निवडायला तिथे. कोण येतं, कोण जातं, खुंटीला कोण हात लावतं, सगळं बघत होते. त्या दिवसांत एकदा खाली विहिरीपाशी सळसळ ऐकू आली. उतरून गेले तर भावजी, विहिरीकाठच्या कपडे धुवायच्या धोंडीजवळ उभे, हात धूत होते. हात कोपरापर्यंत लाल मातीने भरलेले.

"काय हो, भावजी?"

"काय नाय. आळां केलां जरा माडाला," ते म्हणाले आणि चालू लागले.

कोणत्या माडाला? त्यांच्या बाजूच्या माडांना तर आळी आधीच केलेली होती. मी विहिरीत डोकावले, दोर बघितला, रहाट बघितला. काही गेलेलं नव्हतं. पाणी मोजून गेले असणार, मी मनात ठरवलं, आणि पुन्हा गडग्याशी खुर्चीत जाऊन बसले. कारण खरा धोका वर बागेत होता, आणि माझी नजर मला तिथून हलवायची नव्हती.

पालखी आमच्या आळीत आली ती ऊन उतरल्यावर. ढोल-ताशे, गुलाल, मुंबईहून आलेली मुलं, कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं. नगरसेवकही होते. सगळ्यांना वाटत होतं पालखी बागेत जाणार. माणसं आधीच बागेच्या फाटकाशी जमली होती, मागच्यांना दिसावं म्हणून पोरं झोपाळ्यावर उभी होती. पालखी फाटकात आली, एक घेर घेतला, आणि त्या तीन दगडांकडे ढुंकूनही न बघता बाहेर पडली. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकी माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, बघा, मी सांगत होते. माझा आवाज ढोलांत कोणाला ऐकू आला नाही.

पालखी घरं घेत घेत उताराने खाली आली आणि शेवटी माझ्या अंगणात. मी ओवाळलं, ओटी भरली. अंगणात नाचली. आता परत फिरणार असं वाटत असताना पालखी एकदम कलली आणि खांदेकऱ्यांना घेऊन आगरात शिरली. पोफळी चुकवत, माडाची गळलेली चुडतं तुडवत, थेट विहिरीकडे. धोंडीच्या मागे मी नारळाची सोडणं आणि चुडतं रचून ठेवली होती, तिथे जाऊन वाकली. सरळ केली, पुन्हा वाकली. चुडतं बाजूला केली, एकाने लोखंडी पारय घातली, आणि खालून नारळ निघाला.

मी बघतच राहिले. आठवडाभर खुर्ची टाकून मी बागेवर पहारा दिला, आणि माझ्या पाठीमागे माझ्याच आगरात, माझ्या विहिरीला लागून, कोणीतरी खूण पुरून गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वर्गात कॉपी झाली.

मानकऱ्यांनी विहिरीवर गाऱ्हाणं घातलं. देवा महाराजा, ही खूण तू दाखवलीस, हे पाणी तुझ्या नजरेखाली आहे, या आळीला ते बारमाही पुरू दे, कोणाची वाकडी नजर पडू देऊ नको. "व्हय म्हाराजा!" सगळी आळी ओरडली. नगरसेवकही ओरडले, मी त्यांच्याकडेच बघत होते. नारळ माझ्या हातात दिला तेव्हा माझे डोळे भरून आले होते हे खरं आहे, आणि त्याच वेळी मी गर्दीत एका माणसाला शोधत होते हेही खरं आहे. भावजी पार मागे, माझ्या पडवीच्या खांबाला धरून उभे होते. सगळे विहिरीभोवती दाटीवाटीने उभे, हे एकटे लांब.

बागेतल्या खड्ड्यांचंही त्याच संध्याकाळी कळलं. ते खरोखरच तलावासाठी होते. खाली कातळ किती, माती किती, हे बघायला माणसं आली होती, उकरून, बुजवून, खुणेला चिंध्या बांधून गेली. बहुधा त्यांना या आळीइतकी देवभोळी आणि सोयीची माणसं कुठे भेटली नसतील. त्यांच्या खुंट्यांना कोणी हात लावला नाही, त्यांच्या दगडांवर फूल वाहिलं. काकी त्यानंतर बरेच दिवस बातम्या घेऊन आल्या नाहीत.

पण खूण निघाल्यावर एक झालं. बागेच्या खालच्या कोपऱ्यात, देवाने दाखवलेल्या पाण्याच्या डोक्यावर, खणायचं नाव घ्यायची कोणाची छाती झाली नाही. तलावाची जागा वर रस्त्याच्या बाजूला सरकली, बोअर मारायची नाही असं सभामंडपात ठरलं, बाहेरून पाणी आणून भरायचं आणि तेच गाळून वापरायचं. आणि मी? माझ्या विहिरीला देवाने जपलं, आता मी कशाच्या तोंडाने विरोध करणार? लोक म्हणाले, वैनींचं काम झालं. माझा विरोध तिथे संपला. नारळ हातात ठेवून माझं तोंड बंद केलं होतं.

हे ध्यानात आलं तेव्हा मी कवाडीपाशी जाऊन उभी राहिले. भावजी पलीकडे सुपाऱ्या वाळत घालत होते.

"खूण तुम्ही पुरलीत," मी म्हटलं.

"वैनी, खुनंचां विचारू नये."

"माझी विहीर वाचावी म्हणून पुरलीत, का मी गप्प बसावं म्हणून?"

ते सुपाऱ्या पसरत राहिले. मग म्हणाले, "विहीर वाचली ना?"

याला उत्तर म्हणत नाहीत. मी घरी आले.

पाऊस संपल्यावर तलाव बांधला. लहानसाच, निळ्या फरश्यांचा, भोवती जाळी. मी रोज जाऊन बघत असे. बोअरची गाडी रात्री-अपरात्री येते असं ऐकून होते, म्हणून झोपही सावध झाली होती. गाडी आली नाही. निदान मी बघितली नाही. तलाव उन्हाळ्यात सुरू झाला, शिकवायला एक तरुण ठेवला, पोरं सकाळपासून कालवा करू लागली. तो कालवा माझ्या आगरात ऐकू यायचा. मला आवडायचा, पण हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आणि मग मे महिना अर्धाही झाला नव्हता, एका सकाळी मी विहिरीत डोकावले आणि आतला दगडी कट्टा उघडा पडला होता.

मी रहाट धरून तशीच उभी राहिले. पाऊस आदल्या वर्षी लवकर आटोपला होता, हे खरं. आळीतली वापरणारी माणसंही वाढली होती. पण माझ्या डोळ्यांसमोर तो निळा तलाव येत होता, आणि एकच माणूस. सकाळभर मी धुमसत होते. जेवले नाही. दुपारी मुलं घरी जातात तेव्हा भावजी नातीला घेऊन तलावावर जातात, हे मला ठाऊक होतं. सगळ्यांसमोर नको, पण सोडायचं नाही, असं ठरवून मी छत्री घेऊन चढ चढले.

तलावावर तिघंच होती. नात पाण्यात, मासळीसारखी. शिकवणारा तरुण खुर्चीत, मोबाइलमध्ये. आणि भावजी, अर्धी चड्डी आणि गंजी घालून, पाण्यात उतरायच्या पायऱ्यांशी, लोखंडी दांडीला दोन्ही हातांनी धरून. एक पाय पाण्याकडे करायचे आणि पुन्हा मागे घ्यायचे.

मी जाळीच्या आत गेले. रागाने म्हटलं, "भावजी, कट्टा उघडा पडलाय."

"व्हय. सकाळी बगितला मी."

"खोटं बोलू नका. तुम्ही विहिरीत कधी वाकून बघत नाही. मी बघते की."

"आज बगितला," ते म्हणाले. "रहाट धरून. हितं उतरायचां तर आदी विहिरीत तरी बगता आलां पायजे ना."

त्यांनी दांडी सोडली नव्हती. नातीकडे बघत, हळू आवाजात, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगत असल्यासारखे ते बोलले. म्हणाले, तलावाची गोष्ट निघायच्या आधीच्या सुट्टीत हिला घेऊन आरे-वारेच्या किनाऱ्यावर गेलो होतो. पाय भिजवत होती, लाट आली आणि ओढून घेऊन गेली. मी काठावर उभा. हाका मारतोय. कोणी एक पोरगा होता, फिरायला आलेला, त्याने उडी मारून काढली तिला. नाव-गाव विचारायचंही राहिलं.

"सगळां आयुष्य पान्यावर काढलां, वैनी. पन पान्यात नाय कदी. बोटीवर लय जनांना पोवता येत नाय. कोन कोनाला सांगत नाय. रोज भ्यायचां आनि कामाला लागायचां."

मला सभामंडपातला खाली राहिलेला हात आठवला. रहाटाच्या खांबाला धरलेला हात, पालखीच्या वेळी पडवीचा खांब. हे सगळं मी बघितलं होतं. एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. भलताच अर्थ लावून मी ती सगळी जपून ठेवली होती. मला त्या क्षणी स्वतःची चीड आली, आणि त्यांचीही आली. एवढंसं आधी सांगता येत नव्हतं?

"आणि माझ्या विहिरीचं काय?" मी विचारलं. कारण ते काही खोटं नव्हतं. कट्टा उघडाच होता, आणि तो पावसाने उघडा पडला की तलावाने, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

"उद्या सकाळी येतंय विहिरीवर. दोगं मिळून बगू. माजी चूक असंल तर शिमग्यात माज्या नावानं बोंब मारा, सगळ्या आळीसमोर." मग त्यांनी खुर्चीतल्या तरुणाकडे मान केली. "तो काय बगत नाय. नात लहान हाय. आळीत ज्याची नजर कोनावरून हलत नाय असां एकच मानूस हाय. मी उतरतंय. जरा नजर ठेवा."

छत्री मिटून मी काठावर बसले. चपला काढल्या. ते पहिली पायरी उतरले, दुसरी उतरले, पाणी पोटऱ्यांना लागलं तसे थांबले. आणि मान वळवून मागे बघितलं, मी आहे ना म्हणून. आणखी एक पायरी, आणि पुन्हा मागे बघितलं. संशय काय मला एकटीलाच येतो असं थोडंच आहे.

"आहे हो," मी म्हटलं. "उतरा."